घुंगरू बांधलेलं फिनेल

सरकारचा कायदा सरकारपेक्षा जास्त मनावर घेणारा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात एकच झाला, तो म्हणजे आमच्या हिचे मामा. कोल्हारला त्यांचं दुकान. गुळाच्या ढेपेपासून फवारणीच्या औषधापर्यंत सगळं एका छपराखाली. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराला औषधांना परवाना लागू लागला, तेव्हा मामांनी तो देवाच्या फोटोशेजारी टांगला आणि औषधाच्या कपाटाची किल्ली करगोट्याला बांधली. आंघोळीलासुद्धा सोडत नसत! औषध मागणाऱ्याची आधी उलटतपासणी. गडी घरी भांडून आलाय अशी नुसती शंका आली, की "आज न्हाई, उद्या बायकूला संगं घिऊन ये," म्हणून वाटेला लावत.

त्याच कपाटात ते फिनेलही ठेवत, कारण त्यांची नात नुकतीच रांगायला लागली होती आणि हाताला लागेल ते तोंडात घालत होती. एकदा तपासणीचे साहेब आले. म्हणाले, "हे फिनेल बाहेर काढा. कायद्यात फक्त कीटकनाशकं आहेत. गुळाशेजारी ठेवलंत तरी हरकत नाही, पण इथे दिसलं तर परवाना जाईल."

"साहेब, लेकरू काय कायदा वाचून बाटली तोंडाला लावतंय व्हय?"

साहेब हसले, पण ऐकेनात.

मामी म्हणाल्या, "फिनेल इकूच नका."

"मंग लोक दुसरीकडनं सरबताच्या बाटलीत भरून न्हेतील. ते बरं का?" असं म्हणत मामांनी आपल्या गेलेल्या बैलाची, सर्जाची, घुंगुरमाळ पेटीतून काढली. तिला ते मामींनाही हात लावू देत नसत. तीच तोडून त्यांनी फिनेलच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्यात एकेक घुंगरू बांधलं. गावाला हसायला आयतंच निमित्त मिळालं. "मामा, आज बाटली नाचणार का?" असं जो तो विचारी.

एका दुपारी मी दुकानात बसलो होतो. मामा साखर तोलत होते. मागून घुंगरू वाजलं. तराजू टाकून, साखर तुडवत, साठीचा तो माणूस काय धावला म्हणून सांगू! नात बाटली मांडीत घेऊन बूच चावत होती. मामांनी बाटली हिसकली, नातीचं तोंड हुंगलं, धोतरानं पुसलं, पुन्हा हुंगलं आणि तिला पोटाशी धरून मटकन खाली बसले.

"सर्जानं हाक मारली रं," एवढंच म्हणाले.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. नात राहुरीला नांदते. परवा तिच्याकडे गेलो, तर मोरीजवळच्या फिनेलच्या बाटलीला घुंगरू! घरात आता लहान कुणी नाही. मी गंमत म्हणून बाटली हळूच हलवली, तर हातातलं पीठ तसंच घेऊन ती आतून धावत आली. अगदी मामांसारखी. फार आठवण आली हो त्यांची.