मशीनची पावती

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि जळगावात एका डाळमिलच्या वरच्या खोलीत बसून मी जावात प्रोग्राम लिहीत होतो. वेबवरच्या कामासाठी आम्ही एक फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा तयार सांगाडा, वापरायचो. त्यात रिक्वेस्ट, म्हणजे आलेली मागणी, आत शिरल्यापासून उत्तर बाहेर पडेपर्यंतच्या पायऱ्या आपणच एका फाइलीत लावायच्या: आधी ओळख, मग माहितीची तपासणी, मग काम, मग उत्तर. तपासणीत नापास झालेली रिक्वेस्ट पुढे सरकायची नाही. हा क्रम लावणारा मी, याचा मला इतका माज चढला होता की घरी ताटात मिठाआधी भात आला तरी माझ्या कपाळाला आठी पडायची.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं फैजपूरकडचं, केळी खरेदीचं केंद्र. गाडी भरली की कॉम्प्युटरवर पावती काढायची आणि ड्रायव्हरने ती दाखवली की फाटक उघडायचं. पहिल्या दिवशी पहिली गाडी नेमकी आमच्याच बागेची आली. सोबत आबा, म्हणजे माझे वडील, धुतलेली टोपी घालून.

पावती निघेना. भावाचा रकाना रिकामा होता आणि रिकामा रकाना माझ्या तपासणीला चालत नव्हता. आमच्याकडे माल दुपारी भरतात आणि भाव संध्याकाळी ठरतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी तर केळीतच वाढलेलो!

बाहेर ऊन रणरणत होतं आणि कापलेला माल काळा पडायला कितीसा वेळ लागतो? केंद्राचे कारकून म्हणाले, "आबा, हातानं लिहून देतो, गाडी काढा."

"हातची नोको भाऊ. पोराच्या मशीनचीच पाह्यजे," म्हणत आबा घडांवर पानं झाकत उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

घाम पुसत मी केळीसाठी वेगळा क्रम लावला: आधी काम, मग उत्तर, भावाची तपासणी शेवटी. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. प्रिंटर खरखरला आणि पावती आली.

आबांनी ती वाचली, नीट घडी केली आणि बंडीच्या खिशात घातली.

"आबा, ती ड्रायव्हरला द्यायची असते."

"हे माह्याजोळ राहू दे. त्याले दुसरी दे."

दुसरी निघेना. एका गाडीला एकच पावती, ही पायरीही मीच मोठ्या हौसेने लावली होती. खिशातली काढा, असं आबांना सांगायला माझी जीभ रेटेना. कारकुनांनी कागद ओढला, पावती हातानं लिहिली आणि गाडी फाटकाबाहेर पडली.