खाटेखालचं पुण्य

आधी चहा घशाखाली उतरू द्या, मग सांगते. नाहीतर तुम्हाला ठसका लागायचा आणि तोही माझ्याच नावावर जमा व्हायचा. आधीच माझ्या नावावर खूप काही आहे!

लोक चुका करतात त्या आळसानं, नाहीतर रागाच्या भरात. मी केली ती चांगुलपणानं. हो, हसा! चांगुलपणानं माणूस केवढा घोळ घालू शकतो हे बघायचं असेल तर धाकट्या डहाणूला जाऊन नुसतं माझं नाव घ्या. अनिता म्हटलं की अख्खी गल्ली सांगायला बसेल.

गोष्ट दोन हजार सतराची. मी मूळची झरीची, तलासरी तालुक्यातली. डहाणू रोडला कपड्यांच्या दुकानात नोकरी लागली आणि प्रश्न आला राहायचं कुठं. तर हिरामावशी धावून आली. ही मावशी धाकट्या डहाणूची, तलासरीच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची आणि माझी आई तिची जुनी गिऱ्हाईक. आईनं सहज विषय काढला, तर मावशी म्हणाली, "पोरीला माझ्याकडं ठेव गो. एक खोली रिकामीच हाय." भाड्याचं विचारलं तर रागावली.

घरात मावशीचे देव होते, माझ्या खोलीत माझा क्रूस. सकाळी तिची घंटा वाजायची तेव्हा मी प्रार्थना म्हणायची. कधी कुणाला अडचण झाली नाही. उलट रविवारी मला उठायला उशीर झाला की तीच दार वाजवायची, "अनू, ऊठ, तुझा देव वाट बघतोय!"

तर, ईस्टरच्या आधीचा आमचा उपवासकाळ चालू होता. या दिवसांत आम्ही आवडीचं काहीतरी सोडतो. मी मटण सोडलं होतं, वर चहाही, आणि त्यामुळे माझं डोकं जरा फिरलेलंच होतं, हे आधीच सांगून ठेवते. त्या रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या वेळी फादर आम्हा तरुणांकडं बघून म्हणाले, "नुसतं सोडू नका, काहीतरी करा. आज घरी गेल्यावर कुणाचं तरी एक काम करा. पण गाजावाजा नको. ज्याचं काम केलंत त्यालाही कळता कामा नये!"

झालं! मी पेटले. रिक्षात बसल्यापासून शोधतेय, कुणाचं भलं करू?

घरी आले तर गल्लीत चिटपाखरू नाही. कुणाचा तरी साखरपुडा होता, सगळी गल्ली तिकडं. मावशी गेली होती, शेजारची ताराकाकीही गेली होती. या दोघी म्हणजे जिवाभावाच्या. मावशीचे यजमान गेले तेव्हा कितीतरी दिवस ताराकाकीनं स्वतःच्या घरात चूल पेटवली नव्हती, मावशीकडंच येऊन रांधायची आणि मावशीला समोर बसून खायला लावायची. अशी मैत्री. अर्थात भांडायच्याही रोज. त्या सकाळीसुद्धा ताराकाकी म्हणाली होती, "हिरे, तुझ्या वलांडीची सावली माझ्या बोंबलांवर पडते, ती सरकव." मावशी म्हणाली, "सूर्याला सांग सरकायला!"

वलांडी म्हणजे मासळी वाळवायची बांबूची उंच मांडणी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी आडव्या दोरीवर टाकायची. ऊन आणि वारा पुढचं काम करतात. राखणीला कुणी बसत नाही. कावळ्यामांजराचं सोडा, पण दुसऱ्याच्या वलांडीला माणूस हात लावत नाही, हा तिथला कायदाच.

मी अंगणात उभी, मावशीच्या वलांडीवर कालच टांगलेले बोंबील डुलतायत, आणि पश्चिमेकडून आला एक काळा ढग!

आता तुम्हीच सांगा, झरीची पोर काय करेल? आमच्याकडं ढग दिसला की अंगणातलं वाळवण आत जातं. भात असो, मिरच्या असोत, मोहाची फुलं असोत. शेजारीण घरी नसेल तर तिचंही आपणच उचलायचं, तसं नाही केलं तर लोक नावं ठेवतात. मला वाटलं, देवानं ढग माझ्यासाठीच पाठवलाय!

ओढणी कमरेला बांधली आणि लागले कामाला. जोड्या सोडवता सोडवता हात नुसते चिकट झाले. अर्धेओले बोंबील ते, बुळबुळीत. पण पुण्य काय सुक्यासुक्या हातांनी मिळतं? मावशीची वलांडी पार मोकळी केली. ताराकाकीचीही करणार होते, पण अंगात त्राण उरलं नाही. सगळे बोंबील तांदळाच्या रिकाम्या गोणीत दाबून भरले. ओल आत जाऊ नये म्हणून तोंड घट्ट बांधलं. वर आणखी एक प्लॅस्टिक गुंडाळलं! आणि गोणी ढकलली माझ्या खाटेखाली. बेत असा की ढग गेला की परत टांगायचे, मावशीला पत्ताही लागणार नाही.

मग जरा पाठ टेकावी म्हणून खाटेवर पडले. उपाशीपोटी काम केलेलं. देवाचे आभार मानता मानता डोळा लागला.

जाग आली ती किंकाळीनं.

"माझे बोंबील! कोणी नेले गो माझे बोंबील?"

बाहेर येऊन बघते तर आभाळ निरभ्र. ढगानं चार थेंब टाकले असते तरी माझी लाज राखली असती, पण नाही! मावशी रिकाम्या वलांडीखाली उभी, नेसलेलं नवं लुगडं तसंच. शेजारी ताराकाकीची वलांडी भरलेली. गल्ली गोळा झाली होती.

"तारे, सकाळी सावली पडत होती ना तुला? आता पडते काय?"

"अगो, मी तर तुझ्या मांडीला मांडी लावून जेवले!"

"मग दुसऱ्या कोणाला सांगून काढवलेस!"

मावशीची नजर माझ्याकडं वळली. "अनू, तू घरी होतीस ना? कोण आलेला?"

आता काय बोलणार? उपवासकाळात खोटं बोलायचं नाही. आणि फादर म्हणाले होते, कळता कामा नये. खोटं नाही, खरंही नाही, मधे जागा उरते ती केवढी? मी त्या एवढ्याशा जागेत उभी राहिले आणि म्हणाले, "बाहेरचं कुणी आलं नव्हतं, मावशी."

"ऐकलंत? बाहेरचं नाय! म्हणजे शेजारचं!"

मी घाईनं सावरायला गेले. "नाही नाही, मावशी, मी तसं कुणाला काढताना बघितलं असं नाही..."

"बिचारी घाबरली," मागून कुणीतरी म्हणालं. "नाव घ्यायला भितेय."

ताराकाकीचा चेहरा असा पडला की बघवेना. ती रडत म्हणाली, "हिरे, इतक्या वर्षांत तुला मी एवढीच कळले?" मावशीही रडत होती, पण तिचा हट्ट मोठा. "आजपासून माझी पायरी चढू नकोस," म्हणाली. ताराकाकी खरोखरच वळली आणि चालू लागली.

ती पाठ बघून मला कळलं, मी काय करून बसलेय. बोंबील गेले तर पुढच्या खेपेला दुसरे येतात. पण यजमान गेल्यावर जिनं घास भरवला ती बाई माझ्या पुण्यापायी तुटायला निघाली होती!

मी ओरडले, "मी काढले! बोंबील मी काढले!"

मला वाटलं, सुटले. कसली सुटतेय? मावशीनं पदर डोळ्यांना लावला आणि सगळ्यांना म्हणाली, "बघा! बघा पोरीचं मन! दुसऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर घेतेय. यांच्या देवानं तसंच केलेलं, मला हिनंच सांगितलेलं!"

"मावशी, अहो, खरंच मी..."

"गप बस गो. तारे, लाज वाटू दे! ही परकी पोर तुझ्यासाठी चोर व्हायला तयार झालीय!"

ताराकाकी आणखीच रडायला लागली. एक आजीबाई तर माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. म्हणजे बघा, चोरी केली तेव्हा संशय नाही, कबूल केली तर संत!

शेवटी मी पळत आत गेले, खाटेखाली शिरले आणि गोणी फरफटत अंगणात आणली. गाठ सुटेना, इतकी घट्ट मारलेली. दातांनी सोडली.

आणि मग वास आला.

काय वास, देवा! भर उन्हाळ्यात, प्लॅस्टिकमध्ये, सगळी दुपार दाबून ठेवलेले अर्धेओले बोंबील. जमलेली माणसं दोन पावलं मागं सरली. गल्लीतली मांजरं तेवढी पुढं आली.

मावशीनं गोणीत बघितलं, मग माझ्याकडं. "का काढलेस?"

"ढग आला होता..."

"आणि गोणीत का भरलेस?"

"आमच्याकडं मिरच्या तशाच भरतात."

"आणि मघापासून तोंड शिवून का उभी?"

"फादर म्हणाले, चांगलं काम कुणाला सांगायचं नाही."

मग ताराकाकीच्या तोंडून फुस्स झालं. रडता रडता ती हसायला लागली, ती खालीच बसली. "मिरच्या!" म्हणायची आणि हसायची. मावशीनं आधी ओठ दाबून धरले, मग तिलाही राहवेना. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या आणि मी मधे गोणी धरून उभी. मावशी तिला म्हणाली, "चुकले गो तारे. जीभ जळो माझी." ताराकाकी म्हणाली, "आधी वलांडी सरकव, मग माफ करते!"

अंधार पडायच्या आत आम्ही तिघी ते बोंबील निवडायला बसलो. बरेच टाकावे लागले, थोडे मिठाच्या पाण्यात धुऊन पुन्हा टांगले. माझी मान वर होत नव्हती. मला वाटलं, आता मावशी सांगणार, पोरी, बोचकं बांध. तर तिनं माझ्या ताटात तांदळाची गरम भाकरी वाढली आणि वर ताराकाकीनं आणलेल्या बोंबलाचं कालवण! "खा," म्हणाली, "उपाशी राहून तुझं डोकं चालत नाय."

खरं सांगते, त्या भाकरीवर माझे डोळे टपटप गळले. मी नुकसान केलं, भांडण लावलं, वर गल्लीत वास सोडला. आणि या दोघींनी मला पोटच्या पोरीसारखं जेवायला घातलं. माफी म्हणजे काय, यावर मी कितीतरी प्रवचनं ऐकलीत, पण ती ताटात वाढलेली त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. आजही प्रार्थनेत आईच्या पाठोपाठ त्या दोघींचं नाव घेते.

ईस्टरला दोघी नटूनथटून चर्चमध्ये आल्या. मी मोठ्या अभिमानानं फादरांशी ओळख करून दिली, या माझ्या मावशी, या ताराकाकी. फादर खूश झाले. म्हणाले, "मावशी, पोरगी नीट राहते ना? उपवासकाळ नीट पाळला ना हिनं?"

"पाळला तर!" मावशी हात जोडून म्हणाली. "फादर, पोर सोन्यासारखी. मटण सोडलं, चहा सोडला, काय पण कुरकुर नाय. फक्त पुढच्या वर्षी तेवढी मदत सोडायला सांगा हिला!"