साखर बावीस पावलांवर

चौकातलं सुपरमार्केट पाडून तिथे घरं बांधायची आणि दुकान दुसरीकडे हलवायचं ठरलं, तेव्हा गावभर कुरकुर झाली. आत्यांनी मात्र अवाक्षर काढलं नाही. दुकानात सव्वीस वर्षं रॅक लावणाऱ्या या बाईंना मॅनेजरसाहेबांपासून सगळे आत्याच म्हणत. नव्या घरांच्या यादीत त्यांच्या लेकीचं नाव होतं. एका खोलीत चौघं कोंबून राहणाऱ्या लेकीला घर मिळतंय, आणि आपण जुन्या फळ्यांसाठी गळा काढायचा? एवढ्या काही त्या खुळ्या नव्हत्या.

काळजी होती ती मास्तरांची. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, उंचेपुरे, गावातले नावाजलेले शिंपी. नऊ वर्षांपूर्वी दृष्टी गेली, कात्री पेटीत गेली आणि हा माणूस वर्षभर खुर्चीतून हलला नाही. शेवटी आत्या वैतागून म्हणाल्या, "साखर संपलीय. आणा, नाहीतर तसाच चहा प्या." मास्तर चिडून काठी टेकत गेले आणि साखर घेऊन आले. तेव्हापासून घरचा बाजार त्यांच्याकडे. अट एकच.

"दुकानात तू माझी बायको नाहीस. मदतीला यायचं नाही."

ते पावलं मोजून चालत आणि नेमका हात घालत. आता नव्या दुकानात पहिल्याच दिवशी फजिती झाली, तर हा मानी माणूस पुन्हा खुर्ची धरणार, ही आत्यांची धास्ती.

नवं दुकान बस स्टँडमागे होतं. रस्ता मास्तरांनी आठवड्यात काठीने पाठ केला. आतले रॅक लावायचं काम साहेबांनी आत्यांवर सोपवलं, तेव्हा त्यांना आयती संधी मिळाली. भाजी निवडता निवडता त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं, "अहो, साखर किती पावलांवर असते हो तुमची?"

मास्तरांनी पाढे म्हणावेत तसं धडाधड सांगितलं. दारापासून साखर बावीस, मीठ अठ्ठावीस, चहा पस्तीस. आत्यांनी ते खोक्याच्या पुठ्ठ्यावर उतरवलं आणि नव्या दुकानात स्वतः पावलं मोजत एकेक वस्तू तिथे बसवली. साहेबांना वाटलं, बाई कामाला किती चोख. आत्याही स्वतःवर खूश होत्या.

पहिल्या दिवशी मास्तर बाजार करून घरी गेले. संध्याकाळी नेहमीप्रमाणे त्यांनीच चहा टाकला. आत्यांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला. चहा खारट होता.

"साखर म्हणून मीठ आणलं मी," मास्तर शांतपणे म्हणाले. "आणि मीठ म्हणून चहापत्ती." मग ते खुर्चीत जाऊन बसले. आत्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं काय चुकलं तेही त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साबणाच्या रॅकमागून त्या बघतात तो मास्तर दारात उभे. आत्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच टांगणीला लागला. मास्तर पुढे निघाले, चार पावलांवर थबकले, परत दाराशी गेले. मग दुसऱ्या कुणाच्या चपला घातल्यासारखी छोटी छोटी पावलं टाकत चालू लागले. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "मास्तर आज आत्यांसारखे चालतायत."

बावीस झाली. हात पुढे गेला, तो थेट साखरेवर. मग मीठ, मग चहा.

आत्यांना राहवलं नाही. अट मोडून त्या जवळ गेल्या. "कसं जमलं हो?"

"सगळं एकाच प्रमाणात चुकत होतं," मास्तर म्हणाले. "म्हटलं, कापलंय अगदी नीट, फक्त माप दुसऱ्याचं घेतलंय. एकतीस वर्षं तुझ्याबरोबर चालतोय. माप कुणाचं ते मला कळणार नाही होय?"

आत्यांना रडू आलं. पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "चुकलंच माझं. साहेबांना सांगून रॅक हलवते उद्या."

"काही हलवू नकोस," मास्तर म्हणाले आणि पिशवी सावरून, तीच छोटी छोटी पावलं टाकत काउंटरकडे निघाले.