घावलं का काही?

कालव्याच्या काठावर गळ टाकून बसलं की येणारा-जाणारा एकच विचारतो, "घावलं का काही?" सकाळपासून सायकलवाल्यानं विचारलं, म्हशी पाण्यावर आणणाऱ्या बाईनं विचारलं. ह्यांचं प्रत्येकाला हसून एकच उत्तर, "नाही अजून." त्यातलं 'अजून' तेवढं मला टोचतं.

ह्यांच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेलाय. दवाखान्यातून आज फोन येणार आहे. घरात बसवेना, म्हणून मीच म्हटलं, चला, चिलापी धरायला जाऊ. आता फोन माझ्या मांडीवर आहे आणि नजर गळाच्या दोरीला बांधलेल्या मोरपिसाच्या काडीवर. दोन्ही हलत नाहीत.

एरवी रिकाम्या पिशवीवरून मी ह्यांना किती बोलले असते! आज वाटतं, ती रिकामीच राहू दे. डॉक्टरांनीही असंच हसून म्हणावं, काही घावलं नाही.

इतक्यात काडी थरथरली आणि सर्रकन पाण्याखाली गेली.

"नको!" मी ओरडलेच.

दोरी ओढता ओढता ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अगं," ते हळूच म्हणाले, "मासाच आहे."