नेपाळातलं सारवण
शेणाचा ओला वास आला की मला नेपाळातली ती डोंगरावरची शाळा आठवती. पोरगा, सून, नातवंडं तिथल्या पोरांसाठी भिंती रंगवाया गेलती, संगं मीबी. सगळी मला म्हणाली, "आबा, तुम्ही उन्हाला बसा." पण वर्गातली जमीन उखडलेली, पोरं धुरळ्यानं खोकायची. मी शाळेमागं बांधलेल्या गायीकडं बोट दाखवून तिथल्या गाववाल्यांकडं शेण मागितलं, धोतर खोचलं अन् सारवाया बसलो. पोरगा वरमला. "आबा, हे बायकांचं काम. लोक हसतील." म्हणलं, "हसू देत. तुझा रंग भिंतीला, पोरं बसत्यात भुईवर." दुसऱ्या दिवशी भुई वाळली अन् धडा खोकल्याबिगर ऐकू आला. आता हिकडं आमच्या गावी, तुंगार्लीच्या घरात फरशी हाय, सून शेण आत आणू देत न्हाई. मी फाटकाबाहेर सारवतो. कोण हसतंय, बघतोच.