गुजरातला जाणारी वादळं

वादळ आलं की त्याचा अहवाल होतो, नाही आलं की किस्सा होतो. मी भिवंडी तालुक्यात तलाठी होतो. ऐंशीच्या दशकात लागलो आणि नव्वदचं दशकही बरंचसं तिथेच घासलं. माझ्या वाट्याला वादळं आली ती बहुतेक न येणारीच. त्यामुळे अहवाल कमी आणि किस्से ढीगभर!

कशेळीच्या खाडीत एक छोटं बेट होतं, त्याला सगळे जुवं म्हणायचे. आगरी लोकांची थोडी घरं, मिठागर, मासेमारी आणि भरतीचं पाणी अडवायला मातीचा एक बांध. समुद्रात वादळ तयार होतंय असा वायरलेस आला की मी आणि कोतवाल बाळारामने होडीने जुव्यावर जायचं, माणसं उठवायची आणि कशेळीच्या शाळेत आणून बसवायची. काम एवढंच. पण तो बांध कधी फुटला तर जुव्यावर माणूस उरणार नाही, हे मला दिसत होतं. एवढं एक दिसत नसतं तर नोकरी सुखात गेली असती.

पहिल्यांदा गेलो तेव्हा अंगात जोर होता. जुव्यावर शब्द चालायचा तो पारूबायचा. पारूबाय धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. मी तिला कमी दाबाचा पट्टा वगैरे सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि दाराबाहेर येऊन आभाळाकडे पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ!

"कंय हाय वादल?"

"समुद्रात आहे आजी. येतंय."

"मंग येव दे. आल्याव बगू. तू च्या घे."

मी चहा घेतला. वादळ गुजरातला गेलं.

*

एका वर्षी वरून हुकूम आला की शहरातही जनजागृती करा. आम्ही जीपला भोंगा बांधून पॉवरलूमच्या गल्ल्यांतून फिरलो. लूमच्या खडखडाटात माझा आवाज मलाच ऐकू येईना. शेवटी एका कारखान्यातून एक कामगार कपाळावरचा कापूस पुसत बाहेर आला.

"क्या हुआ साब?"

"तूफान आनेवाला है!"

तो बिचारा गंभीर झाला. जरा विचार करून म्हणाला, "कौनसी शिफ्ट में?"

*

मग आम्हाला कानडे नावाचे सर्कल आले. सर्कल म्हणजे माझे वरचे साहेब. माणूस मनाने चांगला, पण लातूरकडचा. भरती-ओहोटी त्यांनी पुस्तकात वाचलेली. वायरलेस आल्या आल्या म्हणाले, "आत्ताच्या आत्ता निघायचं!" बाळाराम म्हणाला, "सायब, सुकती लागलीय." सुकती म्हणजे ओहोटी. साहेबांना वाटलं त्याला यायचा कंटाळा आलाय.

व्हायचं तेच झालं. खाडीच्या मधोमध होडी चिखलात रुतून बसली. पाणी परतायची वाट पाहत आम्ही तिघे उन्हात वाळत होतो. शेवटी जुव्यावरची पोरं मांडीभर चिखल तुडवत आली, साहेबांना पाठुंगळीला घेतलं आणि बेटावर नेऊन भाकरी खाऊ घातली.

ज्यांना सुरक्षित हलवायचं, त्यांनीच आम्हाला सुरक्षित हलवलं! वादळ अर्थातच गुजरातला.

*

एकदा मात्र जुव्यावरची माणसं आली हो! कानडेसाहेब पारूबायच्या पाया पडले तेव्हा आली. शेळ्या, कोंबड्या, म्हातारे, पाळण्यातली पोरं, सगळी शाळेत. बाळारामने खिचडी रांधली. मला वाटलं, जमलं बुवा एकदाचं.

वादळ फिरकलं नाही. साधा पाऊस मात्र पडला. आणि जुव्यावर अंगणाअंगणात वाळत घातलेला जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, भिजून कुजला. पावसाळ्यात खायला म्हणून साठवायचा, तो सगळा गेला.

पारूबाय रागावली नाही, हेच वाईट. होडीत बसताना एवढंच म्हणाली, "भाऊसायब, आता बोलवाला येव नको."

त्यानंतर मी जुव्यावर जायचो तेव्हा माझ्याच तोंडून सांगितलेलं मला खरं वाटेनासं झालं. फार थकायला व्हायचं. होडीत बसलं की पुढचं सगळं संभाषण पाठ असायचं.

*

शेलारला आमचं बिऱ्हाड होतं. वायरलेस आला की मी घाईघाईने घरी निरोप धाडायचो. सुरुवातीला बायको देवाजवळ दिवा लावायची, डब्यात दोन वेळचं भरून द्यायची. पुढे पुढे निरोप्याला नुसतं विचारायची, "वादळाचंच ना? मग रात्री जेवायला घरीच असतील. येताना कोथिंबीर आणा म्हणावं."

*

आता शेवटचं. पावसाळ्याच्या तोंडाला आलेली पौर्णिमा, म्हणजे खाडीला उधाण. वायरलेस आला तेव्हा वारा आधीच सुटला होता आणि आभाळ या वेळी धुतलेलं नव्हतं. मी, कानडेसाहेब आणि बाळाराम दुपारी जुव्यावर पोचलो, तर समोर मांडव! पारूबायच्या नातीचं दुसऱ्या दिवशी लग्न. पोरगी हळद लावून पिवळीधमक बसलेली. नवरा कशेळीचा, लूमवर फिटर. तोही आपल्या घरी हळदीत.

मी काही बोलायच्या आधीच पारूबाय म्हणाली, "हलद लागलेली पोर लगीन लागल्याबिगर पानी वलांडत न्हाय. आन तिला सोरून आमी कोन जावाचो न्हाय."

बांधाला पाणी थापा मारत होतं. कानडेसाहेबांनी एकदा बांधाकडे पाहिलं, एकदा नवरीकडे. मग एकाएकी ओरडले, "अहो, मग लग्न आत्ता लावा!"

मी आणि बाळाराम कशेळीला. नवऱ्याच्या बापाच्या हातापाया पडून, मुहूर्त कसा आजचाच चांगला आहे हे त्याला पटवून, हळदीच्या अंगाने नवरदेव होडीत घातला. परत आलो तर नवरीचा मामाच नाही. तो उद्या येणार होता. नवरीमागे मामा म्हणून कोण उभं राहिलं? कानडेसाहेब!

पारूबायने धवले सुरू केले. एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलवायचं असतं, आणि देव काही कमी नाहीत. वाऱ्याने मांडवाचं कापड उडालं, ती गातेय. बांधावरून पाणी आत झिरपायला लागलं, ती गातेय. साहेब रडकुंडीला आले.

"आजी, जरा थोडक्यात!"

तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "देवांना बोलवलाय. अर्ध्या वाटेशी परत धारू?"

शेवटचा देव आला, अंतरपाट सरकला, तांदूळ पडले. आणि मग सांगायला नकोच! नवरी सासरी निघाली म्हटल्यावर वऱ्हाड मागे कशाला राहतंय? सगळं जुवं आपणहून होड्यांत बसलं. पारूबाय सर्वांत शेवटी चढली. कशेळीला जेवणावळ बसली तेव्हा मी शाळेच्या ओट्यावर टेकलो, तो तिथेच झोपलो.

वादळ गुजरातलाच गेलं. पण जाता जाता शेपूट आमच्या खाडीत मारून गेलं.

सकाळी पारूबायला घेऊन आम्ही जुव्यावर गेलो. बांध फुटला होता. घरं नव्हती. मांडवाचे दोन खांब आणि चिखल. माणूस एकही गेला नव्हता, पण ते तोंडाने म्हणायचा मला धीर होईना. पारूबाय जिथे तिचं घर होतं तिथे गुडघाभर चिखलात उभी राहिली. कानडेसाहेबांनी मान खाली घातली. मीही घातली.

मग ती माझ्याकडे वळली.

"इतके वर्सांनी येक वादल आनलास भाऊसायब," ती म्हणाली, "ता पन लग्नाचे दिशी!"