गालातला कापूस आणि दसऱ्याची पंगत

धारला आमच्या सासरी दसऱ्याला तलवारीची पूजा होते आणि मग भाऊकीतल्या पुरुषांची पंगत बसते. तलवार इतकी गंजली आहे की तिने दुधीही चिरता येणार नाही. पंगतीचा तोरा मात्र जिथल्या तिथे. ओसरीवर वेगळी पानं मांडतात, ती लेकावळ्यांची. म्हणजे घरातल्याच एखाद्या पुरुषाला बटकीपासून झालेल्या पोरांच्या वंशाची. त्यांच्या बायका आत कामाला चालतात, पुरुष पंगतीला चालत नाहीत.

असाच एक जण देवासला कारखान्यात फिटर होता. दोन हजार सालानंतरची गोष्ट. त्याच्या मुलीचं बदनावरला जमत आलं होतं. मुलाच्या बापाची अट एकच, "दसऱ्याला पंगतीत बसलेले दिसा, मग सुपारी फोडू."

तो माझ्या दिरांकडे आला. घरात शब्द त्यांचा. म्हणाला, "दादासाहेब, पोरीसाठी एवढं करा. आपला पणजा एकच."

"कशावरून?" दीर म्हणाले. "बटकीची पोरं कोणाचीही असतात."

त्यांच्या अमेरिकेतल्या मुलाने डीएनए तपासायचं सामान पाठवलं होतं. आपलं रक्त कोणत्या राजघराण्याशी जुळतं ते दिरांना काढायचं होतं. गालात कापूस फिरवायचा, डबीत घालून पाठवायचा. दीर म्हणाले, "तूही दे. जुळलं तर पंगतीत बसवतो. नाही जुळलं तर हा उंबरा विसर." जुळणार नाही याची त्यांना खात्री होती, म्हणून तर एवढे उदार झाले. फिटर बिचारा बैलासारखा जबडा उघडून बसला.

नवरात्रात पुतण्याचा फोन आला. राजघराण्याचा पत्ताच नव्हता. पण बापाच्या बाजूने दोघांचा वंश एकच निघाला. मी म्हटलं, चला, दिरांचं तोंड बंद झालं.

दसऱ्याला बदनावरचे गृहस्थ आले. फिटर नवं धोतर नेसून पंगतीत बसायला वाकला, तसे दीर म्हणाले, "तू ओसरीवर."

"पण दादासाहेब, रक्त जुळलं ना?"

"जुळलं ना! इतके दिवस नुसती कुजबुज होती. आता अमेरिकेने सिद्ध केलं की तू आमचाच लेकावळा."

सगळी पंगत हसली. फिटर म्हणाला, "मग माझ्या तोंडात हात कशाला घातलात?" तो ओसरीवरही बसला नाही, चपला घालून फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला.

बदनावरचे गृहस्थ पोटभर जेवले. कढी दोनदा मागितली, बोटं चाटली आणि हात धुताना दिरांना म्हणाले, "भिया, लड़की तो अच्छी है, पर अब कैसे करें?" पुढे मी त्या कढीला हात लावला नाही.

ती मुलगी आत माझ्याजवळ पुऱ्या लाटत होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, "ऊठ. यांच्यासाठी एक पुरी लाटू नकोस."

ती उठली. हात धुतले, खोचलेला पदर सोडला आणि ज्या पुढच्या दाराने तिच्या घरच्या बायकांना कधी जाऊ देत नसत, त्याच दाराने, जेवणाऱ्यांच्या पानांसमोरून चालत बापाकडे गेली. दीर ओरडले, "वहिनीसाहेब, पुऱ्या!"

मी गॅस बंद केला.